ईमेलवर खटला, पण चुकीच्या कलमाखाली

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या एका जुन्या मराठी मंडळात गेले काही महिने एक ठराव लोंबकळतोय. मंडळाचा ईमेल बंद करावा. वार्षिक सभेची सूचना, हिशेब, निवडणुकीचं पत्रक, सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच टाकावं. ठराव दोन ओळींचा, पण त्यावरून महाराज बाड्यापासून कंपूपर्यंत जो मराठी माणूस भेटेल त्याचं मत तयार असतं. तरुणांचं म्हणणं, ईमेल म्हातारा झाला. उशिरा पोचतो, कोणी उघडत नाही, निम्मा कचरा असतो आणि त्या कचऱ्याने नेटवर्क तुंबतं ते वेगळंच. ज्येष्ठांचं म्हणणं, ईमेल म्हणजे ऑफिशियल. त्याला कोर्टात किंमत आहे, गुड मॉर्निंगच्या गुलाबांमध्ये सभेची सूचना टाकणं शोभत नाही. मी ज्येष्ठांच्या बाजूने मत देणार आहे, पण त्यांचं एकही कारण मला पटलेलं नाही. ईमेल ही कुठल्या कंपनीची वस्तू नाही. तो जगातल्या नेटवर्कांनी आपसांत केलेला टपालाचा करार आहे, आणि सार्वजनिक संस्थेने त्या करारातून अंग काढून घेतलं की तिचा पत्ता दुसऱ्याच्या मालकीचा होतो. भांडायचं तर यावर भांडायला हवं. वेग, वजन आणि कचरा यांच्या हुज्जतीत हा मुद्दा कोणी काढतच नाही.

ज्येष्ठांचा युक्तिवाद आधी उरकतो. ईमेल कोर्टात चालतो हे खरं, पण व्हॉट्सॲपचा संदेशही चालतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली ती इलेक्ट्रॉनिक नोंदीला; ईमेल हे कायद्याचं लाडकं लेकरू नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली दोन्हींना सारखंच प्रमाणपत्र जोडावं लागतं. शोभेबद्दल न बोललेलं बरं. टेलिफोनवर आमंत्रण देणं आपल्या आजोबांनाही अशोभनीय वाटलं होतं, अक्षता घेऊन दारात गेल्याशिवाय आमंत्रण कसलं! सवयीला तत्त्वाचा मुलामा दिला की तरुण पोरं हसतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

तरुणांचं आरोपपत्र मात्र नीट वाचायला हवं, कारण त्यात खऱ्या गोष्टी आहेत. नेटवर्क तुंबण्याचा मुद्दा घ्या. हा काही आमच्या मंडळाचा शोध नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडात पाण्याची टंचाई झाली तेव्हा तिथल्या सरकारी पत्रकाने लोकांना जुने ईमेल आणि फोटो पुसून टाकायचा सल्ला दिला, कारण डेटा सेंटर गार ठेवायला पाणी लागतं. आपल्याकडे 'ईमेल पुसा, तिघरा धरण भरा' अशी घोषणा अजून कोणी दिलेली नाही एवढंच. पण जरा हिशेब मांडून पाहा. दोन हजार अक्षरचिन्हांचं मराठी पत्र. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे सहा हजार बाइट. मेलच्या रिवाजाप्रमाणे त्याचं सांकेतिक रूपांतर झालं की आठ हजार. वाटेतले शिक्के, पत्ते, सर्व्हरच्या सह्या मिळून अजून काही हजार. सढळ हाताने पंधरा हजार धरू. आता मोबाइलवर पाच मेगाबिटने चालणारा एक व्हिडिओ घ्या. तो दर सेकंदाला सव्वासहा लाख बाइट ओढतो. म्हणजे रीलमधला माणूस 'नमस्कार मित्रांनो' म्हणेपर्यंत चाळीसच्या वर मराठी पत्रं येऊन गेली असती. कशाने तुंबतंय मग नेटवर्क? आणि पोचून पडून राहिलेलं पत्र तर डिस्कच्या कोपऱ्यात जवळपास काहीच खात नाही.

खरं तर हा आरोप इतिहासालाच उलटं टांगतो. नेटवर्क आधीपासून होतं आणि ईमेल नंतर येऊन त्याच्या बोकांडी बसला, असं घडलेलंच नाही. अमेरिकेत अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, उभारलं गेलं ते लांबलांबच्या संशोधकांना एकमेकांचे महागडे संगणक वापरता यावेत म्हणून. त्यावर १९७१ मध्ये रे टॉमलिन्सनने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरच्या माणसाला पत्र पाठवण्याची सोय केली, आणि माणसाचं नाव नि यंत्राचं नाव यांच्यामध्ये ॲटचं चिन्ह बसवलं. हे काम त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, रहदारीची पाहणी झाली तर त्यातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा ईमेलचा निघाला. ज्यांनी पैसे दिले त्यांना गणितं सोडवणारं नेटवर्क हवं होतं. लोकांनी त्याचं टपालखातं करून टाकलं. आपल्याकडेही तेच. १९८६ मध्ये अर्नेट हे शिक्षण आणि संशोधन संस्थांचं नेटवर्क सुरू झालं, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आपल्या मोजक्या शिक्षणसंस्था फोनच्या तारेवरून मोडेम लावून एकमेकींना जे पाठवत होत्या ते मुख्यतः मेलच होते. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हाही कनेक्शन घेणाऱ्याच्या डोक्यात पहिली हाव होती ती अमेरिकेतल्या मुलाला फुकटात पत्र पाठवण्याची. नेटवर्कचा खर्च ईमेलने वसूल करून दिला. आता तोच ओझं झाला?

पण ईमेलचा भार शून्य आहे असं मी म्हणत नाही. भार आहे, फक्त लोक बोट दाखवतात तिथे नाही. तो तीन ठिकाणी आहे.

पहिलं ठिकाण जोडपत्रांचं, म्हणजे अटॅचमेंटचं. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे नेण्याचा नियम, ज्याला एसएमटीपी म्हणतात, तो जॉन पोस्टेलने १९८२ मध्ये लिहिला. त्यात गृहीत धरलेलं पत्र साध्या इंग्रजी अक्षरांचं होतं. देवनागरी, फोटो, पीडीएफ यांना त्या दारातून प्रवेश नव्हता. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, नथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाची तोड काढली: आतला ऐवज काहीही असो, दर तीन बाइटची चार इंग्रजी अक्षरं करून पाठवा. जुन्या सर्व्हरला कळतही नाही की आपण फोटो वाहतोय. तोड नामी, पण फुकट नाही. प्रत्येक जोडपत्र वाटेत एक तृतीयांशाने फुगतं. मंडळाची स्मरणिका १८ एमबीची असेल तर ती २४ एमबी होऊन निघते, आणि जीमेलच्या २५ एमबीच्या मर्यादेला नाक घासत जाते. तीनशे सभासदांना स्वतंत्र मेल धाडले की सात जीबी. हा भार खरा आहे. पण इलाज एका ओळीचा आहे: स्मरणिका एका जागी ठेवा, मेलमध्ये दुवा द्या. (याच माइममुळे आज मी तुम्हाला मराठीत पत्र पाठवू शकतो. ईमेलचा पत्तासुद्धा देवनागरीत असावा यासाठीचे नियम २०१२ मध्ये झाले, पण ते पाठवणारा आणि घेणारा दोन्ही सर्व्हर मानतील तेव्हा. तोवर आपली नावं इंग्रजी स्पेलिंगच्या खुंटाळ्यावरच टांगलेली राहणार.)

दुसरं ठिकाण 'रिप्लाय ऑल'चं. ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्येच एका यादीवर हजारो कर्मचाऱ्यांची नावं होती. एकाने विचारलं, 'मी या यादीत का आहे? मला काढा.' मग शेकडोंनी सगळ्यांना उत्तर देऊन तेच विचारलं, आणि उरलेल्यांनी सगळ्यांना उत्तर देऊन सांगितलं की सगळ्यांना उत्तर देऊ नका. दीड कोटी मेल फिरले आणि कंपनीचे सर्व्हर आडवे झाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत एका चाचणी मेलने हेच केलं. तिथल्या यादीवर आठ लाखांहून जास्त लोक होते. ईमेलविरुद्धचा हा सगळ्यात सज्जड पुरावा, असं तरुण मंडळी म्हणतात. मला विचाराल तर हा त्यांच्यावरच उलटतो. ईमेलमध्ये 'सगळ्यांना उत्तर' हा अपघात आहे. चुकीचं बटण दाबल्याशिवाय तो होत नाही. ग्रुपमध्ये तोच कायदा आहे. एकाने सभेची तारीख विचारली की तीनशे फोन वाजणार, कोणी दहा एमबीचा आरतीचा व्हिडिओ टाकला की तो तीनशे फोनांवर उतरणार, आणि झाले की तीन जीबी. नेटवर्कवरच्या भाराचा मुद्दा काढायचाच असेल तर ठरावात बंद करायची वस्तू बदलावी लागेल!

तिसरं ठिकाण कचऱ्याचं, आणि इथे मी तरुणांना बरंच कबूल करतो. पहिला जाहिरातीचा मेल ३ मे १९७८ चा. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्कने अर्पानेटवरच्या सुमारे चारशे लोकांना संगणकाच्या प्रदर्शनाचं आमंत्रण धाडलं आणि शिव्या खाल्ल्या. आज जगातल्या मेलपैकी निम्म्याच्या आसपास स्पॅम असतो. १९८८ चा मॉरिस वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा उपद्रवी प्रोग्रॅम, ज्या दारांतून शिरला त्यातलं एक दार मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमचंच होतं. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' असा मथळा घेऊन आलेल्या मेलने जगभरची कार्यालयं बंद पाडली. लोकांना फसवून पासवर्ड काढून घ्यायचा तर आजही लबाडांचा आवडता रस्ता ईमेलच आहे. हे सगळं करारातल्या मूळच्या भाबडेपणाचं फळ. १९८२ च्या नियमात पाठवणारा स्वतःचं नाव सांगेल ते खरं मानलं जायचं. पाकिटावर मागे कोणाचाही पत्ता लिहा, पोस्टमन विचारत नसे.

तरीही पुढे काय झालं ते बघायला नको का? या भाबडेपणावर उपाय एका मालकाने वरून लादला नाही; नेटवर्क चालवणाऱ्यांनी थर चढवत नेले. आधी बदनाम यंत्रांच्या याद्या आल्या. मग एसपीएफ आला: अमुक डोमेनचं (म्हणजे पत्त्यात ॲटनंतर येणाऱ्या नावाचं) पत्र कोणत्या यंत्रांनी आणलं तर खरं, ते डोमेनच्या मालकाने जाहीर करायचं. मग डीकेआयएम आला, पत्रावर गणिती मोहोर. मग डीमार्क, म्हणजे मोहोर खोटी निघाली तर पत्राचं काय करायचं याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांवर हे तिन्ही सक्तीचे केले. आणि नेटवर्कच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की बहुतेक स्पॅम आज दारातच अडतो. समोरच्या यंत्राचा नंबर पाहून सर्व्हर म्हणतो 'नको', आणि पत्राचा मजकूर तारेवर येतच नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या मॅकोलो नावाच्या एका होस्टिंग कंपनीची जोडणी तिच्या वरच्या पुरवठादारांनी तोडली, आणि जगातला स्पॅम एका रात्रीत निम्म्याहून खाली आला. घाण कुठून येते ते दिसत होतं म्हणून तोडता आली. बंद ग्रुपांमधून फिरणाऱ्या अफवेचा उगम असा सापडतो?

आता करार म्हणजे नक्की काय, ते जवळून पाहू. मी एका कॉलेजचं नेटवर्क सांभाळतो, तिथलं रोजचं दृश्य. तुम्ही मेल पाठवला की तुमचा सर्व्हर आधी डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीला, विचारतो: या डोमेनचं टपाल कोण घेतं? उत्तरात यंत्राचं नाव येतं; या नोंदीला एमएक्स म्हणतात. मग तो त्या यंत्राचं २५ नंबरचं दार ठोठावतो. आतून '२२०' येतं, म्हणजे बोला. हा म्हणतो 'हॅलो, मी अमुक'. '२५०', ठीक. 'अमक्याकडून पत्र आहे.' '२५०'. 'तमक्याला द्यायचं आहे.' '२५०'. मग '३५४', म्हणजे मजकूर सांगा. मजकूर संपला की एका ओळीत फक्त एक टिंब. शेवटचं '२५०' आलं की पत्राची जबाबदारी त्या सर्व्हरवर गेली. ते नोंदवहीत लिहिलं जातं. हे संभाषण कोणत्याही दोन यंत्रांमध्ये होतं, ती कोणाचीही असोत. ओळखदेख लागत नाही, एका कंपनीचा सभासद असावं लागत नाही.

आणि समोरचं दार बंद असेल तर? रस्त्याच्या खोदकामात आमची फायबर शनिवारी रात्री तुटली आणि रविवारी दुपारी जोडली गेली. तेवढा वेळ कॉलेजचं दार जगासाठी बंद. सोमवारी प्राध्यापक मंडळी विचारत होती की परीक्षकांचे मेल हरवले का. एकही हरवला नव्हता. मेलचं हेडर, म्हणजे वरचा नोंदींचा भाग, उघडून 'रिसीव्हड'च्या ओळी खालून वर वाचत गेलं की सगळा प्रवास दिसतो: शनिवारी रात्री पुण्याच्या सर्व्हरने पत्र घेतल्याचा शिक्का, मग थेट रविवारी दुपारी आमच्या ओळीवर शिक्का. मधल्या वेळात ते पत्र तिकडच्या रांगेत बसून होतं. नियमच सांगतो की पुन्हा प्रयत्न करत राहा, आणि चार-पाच दिवस तरी हात टेकू नका. मगच पाठवणाऱ्याला 'पोचलं नाही' असं कळवा. ईमेल उशिरा येतो ही तक्रार आहे ना? कधी तो मुद्दाम उशीर असतो: अनोळखी सर्व्हरला आमचा सर्व्हर '४५१' म्हणतो, थोड्या वेळाने या. खरा सर्व्हर परत येतो, घाईतला लबाड बहुधा येत नाही. हा उशीर म्हणजे पहारा आहे.

कोणी म्हणेल, व्हॉट्सॲपही फोन बंद असला तर संदेश धरून ठेवतं. ठेवतं, मी नाकारत नाही. पण धरून ठेवणारा एकच. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या नेटवर्कमध्ये एक चूक झाली, त्यांचे रस्ते इंटरनेटच्या नकाशावरून पुसले गेले, आणि जगभर सुमारे सहा तास व्हॉट्सॲप बंद होतं. त्या रात्री ग्वाल्हेरातून पुण्याला, पुण्याहून टोरांटोला ईमेल जात होते, कारण त्यांच्या वाटेत फेसबुक नव्हतंच. उद्या एखादी मेल कंपनी कोसळली तर तिचे ग्राहक अडतील, बाकीचं जग चालू राहील.

हा वाद ग्वाल्हेरकराला कळायला हवा, कारण आपण तो एकदा टपालात पाहिलाय. १८८५ मध्ये, जयाजीराव शिंद्यांच्या काळात, ग्वाल्हेरने इंग्रज सरकारशी टपालाचा करार केला. तिकिटं इंग्रजांच्या हिंदुस्थानचीच, त्यावर ग्वाल्हेरचं नाव इंग्रजीत आणि देवनागरीत छापलेलं. ते तिकीट लावून लष्करात पेटीत टाकलेलं पत्र थेट मुंबईला, कलकत्त्याला पोचायचं. पटियाळा, नाभा, जिंद, चंबा, फरीदकोट यांनीही असेच करार केले. होळकरांनी दुसरा रस्ता धरला. १८८६ पासून इंदुरात त्यांची स्वतःची तिकिटं निघाली, तुकोजीरावांची छबी असलेली, दिसायला आपल्या उसन्या तिकिटापेक्षा कितीतरी रुबाबदार. पण ती चालायची राज्याच्या हद्दीत. बाहेर पत्र पाठवायचं तर इंग्रजी टपालाचं तिकीट हवंच. आता सांगा, इंदूरच्या माणसाला त्याचं तिकीट आतल्या आत गैरसोयीचं होतं का? मुळीच नाही. हद्दीच्या आत बंद व्यवस्था नेहमीच झकास वाटते. तिची किंमत वेशीवर कळते. व्हॉट्सॲपची हद्द आज इतकी मोठी आहे की वेस दिसतच नाही, म्हणून ती नाही असं आपल्याला वाटतं. वेस नव्हतीच तर युरोपला डिजिटल मार्केट्स ॲक्ट करून मोठ्या संदेशसेवांना दारं उघडायला का लावावं लागलं? जे ईमेलला जन्मतः मिळालंय ते व्हॉट्सॲपकडून काढून घ्यायला सत्तावीस देशांना कायदा करावा लागला.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो या सगळ्या आक्षेपांत भारी आहे. करार खुला आहे म्हणता, पण मेल आहेत कुठे? बहुतेकांचे गूगलकडे किंवा मायक्रोसॉफ्टकडे. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणं आज छोट्या संस्थेला जवळपास अशक्य झालंय. शेजारच्या पत्त्यावरून कोणी स्पॅम पाठवला की तुमचंही पत्र कचऱ्यात, आणि दाद मागायला माणूस सापडत नाही. हे खरं आहे. या भिंतीवर मीही डोकं आपटलंय. खुल्या कराराचे दोन-तीन बलाढ्य अंमलदार झाले की करार कागदावर उरतो, ही भीती पोकळ नाही. पण फरक उरतोच, आणि तो मोठा आहे. २०२५ मध्ये केंद्र सरकारने सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे मेल झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर नेले. देशी-विदेशीचा गाजावाजा खूप झाला, खरी गोष्ट मात्र कोणी फारशी बोललं नाही: पत्ते बदलले नाहीत. कर्मचाऱ्यांच्या कार्डावरचा सरकारी डोमेनचा पत्ता तोच राहिला, आतली यंत्रं बदलली. एमएक्सची नोंद बदला, जुना पत्रव्यवहार उचलून नव्या घरी न्या, आणि पत्र पाठवणाऱ्याला काही कळतही नाही. बारा लाख माणसांचा व्हॉट्सॲपवरचा पत्ता असा उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेता येईल?

गुप्ततेचा मुद्दा मी त्यांना देऊन टाकतो. व्हॉट्सॲपचे संदेश २०१६ पासून दोन टोकांच्या मध्ये कोणालाच वाचता येत नाहीत. साधा ईमेल वाटेत बहुधा कुलूपबंद असतो, पण सर्व्हरवर पोचला की तो सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतो. खाजगी बोलायचं तर व्हॉट्सॲपच बरं. पण सभेची सूचना ही गुप्त गोष्ट आहे का? झाकायला हवेत ते सभासदांचे फोन नंबर, आणि ग्रुपमध्ये नेमके तेच उघडे पडतात. आमच्या मंडळातल्या कितीतरी बायका याच कारणासाठी ग्रुपमध्ये येत नाहीत. ठरावावरच्या चर्चेत त्यांचा उल्लेखही झाला नाही. मेलमध्ये बीसीसीच्या रकान्यात नावं टाकली की कोणाचा पत्ता कोणाला दिसत नाही.

राहता राहिलं 'ईमेल कोणी उघडत नाही'. हेही खरं, आणि यावर तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही. लोक जिथे आहेत तिथे त्यांना हाक मारावी. व्हॉट्सॲप ही दाराची बेल आहे. ती जरूर वाजवा, पण पत्र बेलमध्ये ठेवता येत नाही. फोन हरवला, बॅकअप राहिला, ॲडमिनने रागाने ग्रुप मोडला, की पाच वर्षांचा पत्रव्यवहार गेला. आणि ज्येष्ठांनीही जरा आरशात पाहावं. ज्या पत्त्याचं ऑफिशियलपण ते मिरवतात तो एका माजी चिटणिसांनी उघडलेला फुकटचा पत्ता आहे. त्याचा ओटीपी आजही त्यांच्या फोनवर जातो, आणि ते आता मुलाकडे बंगळुरूला असतात. हा मंडळाचा पत्ता कसा?

म्हणून माझी दुरुस्ती अशी. मंडळाने स्वतःच्या नावाचं डोमेन घ्यावं. साधं डॉट इन डोमेन वर्षाला हजाराच्या आत मिळतं, गणपतीच्या मांडवातल्या एका संध्याकाळच्या फुलांना याहून जास्त लागतात. मेल कोणत्याही कंपनीकडे ठेवावा, आवडली नाही तर बदलावी. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क पहिल्याच दिवशी लावून घ्यावेत, नाहीतर सूचना स्पॅममध्ये जाईल आणि तरुण म्हणतील, बघा. सूचना ईमेलने जावी, जोडपत्र न लावता. 'सूचना पाठवली आहे' एवढी ओळ ग्रुपवर, आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांना पोस्टकार्ड, आपल्याच बाड्यावरच्या पोस्टातून. डोमेन एका माणसाच्या नावावर नको, मंडळाच्या नावावर हवं, आणि पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे. त्याची मुदत दरवर्षी संपते, तेव्हा नूतनीकरणाचा खर्च अंदाजपत्रकात छपाईच्या खाली वेगळ्या ओळीत दाखवावा, म्हणजे पुढचा खजिनदार तो विसरणार नाही.